हातोडा शोधताना

मेटल डिटेक्टर निवडताना किंमत, वजन, तो किती खोलवरचे टिपतो, हे पाहिले जाते. मात्र या छंदाचे समाधान यंत्रापेक्षा शोधणाऱ्याच्या संयमावर अवलंबून असते. इंग्लंडमधील सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी १६ नोव्हेंबर १९९२ रोजी एरिक लॉझ हे निवृत्त गृहस्थ एका परिचित शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होते. यंत्र वाजले ते रोमनकालीन सोन्यारुप्यावर! थोडा ऐवज हाती येताच त्यांनी खणणे थांबवून अधिकाऱ्यांना कळवले. म्हणूनच पुरातत्त्वज्ञांना सुमारे १५ हजार नाण्यांबरोबरच ती पुरलेल्या लाकडी पेटीतील मांडणीही अभ्यासता आली. ऐवज घाईने उपसला असता, तर मोल तेवढेच राहिले असते. इतिहास मात्र विस्कटला असता. पुढे हातोडाही सापडला आणि तोही ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात गेला.