गिअरचा नॉब आणि अण्णांची जीप

आज चकलांब्यातून बोलतोय, आणि विषय मुठीत मावणारा आहे: गिअरचा नॉब.

अण्णांच्या जुन्या जीपला बसवायला मी ऑनलाइन चकचकीत धातूचा नॉब मागवला. अण्णा एवढंच म्हणाले, “कशाला बदलायलास? हाताला ओळख हाय त्याची.” जुन्या नॉबवरचे आकडे कधीच पुसून गेलेत.

हे आकडे इंग्रजी ‘एच’सारखे का मांडतात? सुरुवातीच्या मोटारींत गिअर एका रेषेत असायचे. एकावरून तिसऱ्यावर जायचं तर मधला ओलांडावाच लागे. विल्हेल्म मायबाखच्या १९०१ च्या मर्सिडीजमध्ये ‘एच’ची खाच आली आणि हवा तो गिअर थेट निवडता येऊ लागला. पुढे १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत दांडा स्टिअरिंगखाली गेला. कारण साधं होतं, पुढच्या सीटवर तिघं बसावेत. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी त्याच पद्धतीची. मुंबईत ती टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली.

जीपचा दांडा मात्र खालीच राहिला. महायुद्धातल्या विलीज जीपला तर तीन दांडे: एक गिअरचा, दोन फोर-व्हीलचे. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत हीच जीप जोडायला घेतली, आणि तिचा वंश आमच्या रस्त्यांवर काळी-पिवळी होऊन आला.

अण्णा गेवराईच्या फेऱ्या मारायचे. अमेरिकेनं तिघांसाठी दांडा हलवला. आमच्याकडं दांडा तिथंच ठेवून पुढं चौघं बसायचे! अण्णा अर्धे दाराबाहेर, नॉब कुणाच्या तरी गुडघ्यांत. “पाव्हणं, गुडघा सरकवा” म्हटल्याशिवाय दुसरा गिअर पडत नसे. आकडे दिसणार कुणाला? सगळं हातानं चालायचं.

माझ्या नव्या नॉबचं काय झालं? नॉब घेताना दांड्याचे आटे मोजावे लागतात. कुठं ८ मिलिमीटर, कुठं १०, कुठं १२. मी मोजलेच नाहीत. सोबत आलेल्या बारीक स्क्रूंवर आवळून टाकला. तिसऱ्या दिवशी भर बाजारात रिव्हर्स टाकताना नॉब हातात आला. मागं भाजीची गाडी उभी होती. ब्रेक लागला म्हणून वाचलो. शिवाय मे महिन्याच्या उन्हात तो धातू असा तापायचा, की रुमाल गुंडाळून गिअर टाकावा लागे. फोटोत हे कळत नाही, राव.

संध्याकाळी अण्णांनी न बोलता जुना नॉब परत फिरवून बसवला. नवा सध्या आमच्या टेबलावर आहे, वीजबिलं उडू नयेत म्हणून.