बाबासाहेबांचा करार

बारावीनंतर कोणते कॉलेज, या काळजीने नातवाची झोप उडाली आहे. त्याला बाबासाहेबांची गोष्ट सांगितली.

१९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. शिकून परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार. म्हणजे पुढचे सगळे ठरलेलेच! पण १९१७ मध्ये अस्पृश्यतेपायी बडोद्यात राहायला जागा मिळेना. नोकरी सोडावी लागली. शिकलेले अर्थशास्त्र मात्र वाया गेले नाही. १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आला. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते. करारात यातले काय लिहिले होते?

नातवाला म्हटले, बाळा, कॉलेज नीट पारखून घे. पुढचे आज कळत नाही, म्हणून अडू नकोस.