ल मां, १९५३ : ब्रेकने जिंकलेली शर्यत

फ्रान्समधील ल मांच्या मार्गावर जवळजवळ ६ किलोमीटरचा सरळ पट्टा संपताच मुल्सानचे काटकोनी वळण येई. १९५३ साली टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांच्या जॅग्वार सी-टाइपने चोवीस तासांत ३०० हून अधिक फेऱ्या मारल्या, म्हणजे तितक्याच वेळा तिथे वेग आवरला. प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम ब्रेक तापून क्षीण होत. डनलॉपच्या उघड्या डिस्क वाऱ्याने निवत. विजेत्यांची सरासरी प्रथमच ताशी १०० मैलांपलीकडे गेली. मला तरी हा इंजिनापेक्षा ब्रेकचा विजय वाटतो.

डिस्क मग रस्त्यावरच्या गाड्यांतही आल्या; पण नवे पॅड आजही आधी रुळवावे लागतात. पॅडच्या द्रव्याचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढला की पकड स्थिर होते. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर, गाडी पूर्ण न थांबवता, चढत्या जोराने वारंवार वेग उतरवायचा आणि नंतर ब्रेक न दाबता गाडी चालवत त्यांना निवू द्यायचे. शर्यतीच्या पॅडना याहून बरीच अधिक उष्णता लागते. तापलेल्या ब्रेकवर पाय रोवून गाडी उभी धरली, तर त्या जागी द्रव्याचा डाग बसतो आणि पुढे दर वेळी पेडल थरथरते. लोक मात्र ‘डिस्क वाकली’ म्हणत मेकॅनिक गाठतात!