सायबर सुरक्षा संस्थेचे मुख्यालय : रचनेचा विचार

राष्ट्रीय सायबर सुरक्षा संस्थेसाठी इमारत बांधायची ठरली की चर्चा बहुधा भिंतींची जाडी, कुंपण आणि पहारा यांपासून सुरू होते. हेरखात्याच्या इमारतीसाठी ही सुरुवात चालून जाते, पण सायबर संस्थेचे काम निराळे आहे. तिला गुपिते सांभाळायची असतात आणि बँका, वीज कंपन्या, रुग्णालये, विद्यापीठे यांच्याशी रोजचा व्यवहारही ठेवायचा असतो. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते. ज्या कार्यालयाकडे देशभरातून अशी माहिती येते, त्याला दारे कायमची लावून बसता येत नाही.

ब्रिटनने हा पेच उघडपणे सोडवायचा प्रयत्न केला. तिथले राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्र जीसीएचक्यू या गुप्तवार्ता संस्थेचा भाग आहे आणि त्या संस्थेचे मुख्यालय चेल्टनहॅमच्या वर्तुळाकार, बंदिस्त इमारतीत आहे. सायबर केंद्राचे कार्यालय मात्र २०१७ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकाजवळ, नोव्हा साउथ या व्यापारी इमारतीत उघडले. उद्योगांतल्या लोकांना सहज येता यावे, हा त्यामागचा विचार. २०२० मध्ये ब्रिटिश संसदेच्या गुप्तचर आणि सुरक्षा समितीने या निवडीच्या प्रक्रियेवर आणि खर्चावर कडक टीका केली. खर्चाचा मुद्दा रास्त असेलही, पण शहरात, लोकांच्या आवाक्यात असण्याचा आग्रह मला योग्य वाटतो. म्हणून आराखड्याचा पहिला प्रश्न असा असावा : कोणाला, कुठपर्यंत आणि किती काळ आत येऊ द्यायचे?

या प्रश्नाचे पहिले उत्तर पाहुण्यांविषयीचे नाही. इमारतीत सर्वांत आधी आणि सर्वांत खोलवर पोहोचतो तो ती बांधणारा. गवंडी, सळई बांधणारे, वीजजोडणी करणारे, फॉल्स सीलिंग लावणारे, नकाशे काढणाऱ्या कचेरीतले कर्मचारी हे सगळे अशा जागी हात घालून येतात, जिथे नंतर कोणालाच पाहता येत नाही. मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासाच्या नव्या इमारतीचे उदाहरण या बाबतीत अजूनही सर्वांत बोलके आहे. तिचे काम १९७९ मध्ये सुरू झाले. दोन्ही देशांमधल्या करारामुळे मजूर सोव्हिएत होते. काँक्रीटचे पुष्कळसे भाग बांधकामाच्या जागेबाहेर सोव्हिएत कारखान्यांत ओतले गेले आणि तयार होऊन आले. ते ओतताना अमेरिकी निरीक्षकांची नजर नव्हती. ऑगस्ट १९८५ मध्ये सोव्हिएत मजुरांना जागेवरून हटवले गेले. क्ष-किरणांनी तपासणी केली तेव्हा इमारतीच्या सांगाड्यातच ऐकण्याची उपकरणे पेरलेली आढळली. पुढे डिसेंबर १९९१ मध्ये केजीबीचे तत्कालीन प्रमुख वादिम बाकातिन यांनी या यंत्रणेचे नकाशे अमेरिकी राजदूतांच्या हाती दिले. तरीही सगळे कळले अशी खात्री कोणालाच देता येईना. अखेर वरचे दोन मजले उतरवून त्यांच्या जागी चार नवे मजले बांधले गेले. त्यासाठी साहित्य आणि मजूर अमेरिकेतून आणले. इमारत वापरात आली तोवर २००० साल उजाडले होते.

यातून बांधकामाच्या पद्धतीविषयी काही ठोस नियम निघतात. गाभ्यात, म्हणजे गुप्त सामग्री ठेवायच्या सर्वांत आतल्या भागात, कारखान्यातून तयार येणारे खांब, तुळया किंवा भिंतीचे पट्टे वापरू नयेत. तिथले काँक्रीट जागेवरच, देखरेखीखाली ओतावे आणि सळई बांधून झाल्यापासून शटरिंग निघेपर्यंत जागा एक क्षणही एकटी सोडू नये. तारा, पाइप, दिवे, दारे हे सामान आधी ठरवून एकाच पुरवठादाराकडून घेण्यापेक्षा भरल्या गोदामातून आयत्या वेळी वाटेल ते नग उचलावेत. कोणता नग कुठे लागणार हे शत्रूला आधी कळले नाही, तर त्यात काही पेरून ठेवणे फार महाग पडते. यामुळे काम लांबते आणि खर्च वाढतो. तो खर्च गाभ्यापुरता मर्यादित ठेवता यावा, म्हणूनच गाभा लहान असला पाहिजे.

नकाशांचेही तेच. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीने वृत्त दिले, की कॅनबेरात उभ्या राहणाऱ्या एएसआयओ या गुप्तचर संस्थेच्या मुख्यालयाचे आराखडे, संपर्कतारांच्या मांडणीसह, कंत्राटदाराच्या संगणकावरून चोरले गेले आहेत. सार्वजनिक कामात निविदेसोबत संपूर्ण नकाशे जोडण्याची आपल्याकडची रीत पारदर्शकतेसाठी चांगली असली, तरी अशा इमारतीत ती जशीच्या तशी चालणार नाही. गाभ्याबाहेरच्या भागाचे काम खुल्या निविदेने द्यावे. गाभ्याचे नकाशे तुकड्या-तुकड्यांत, ज्याच्या त्याच्या कामापुरते आणि जाळ्याशी न जोडलेल्या संगणकावरच दाखवावेत. नकाशांइतकीच बांधकामाची जागाही सांभाळावी लागते. बर्लिनमध्ये जर्मन परदेशी गुप्तवार्ता संस्थेच्या अपूर्ण मुख्यालयात मार्च २०१५ मध्ये कोणीतरी वरच्या मजल्यांवरच्या नळांच्या तोट्या काढून नेल्या. पाणी खालच्या मजल्यांवर पसरून मोठे नुकसान झाले. पहारा होता, पण अशा जागी आत काम करणारे हात शेकडो असतात आणि पहारा मुख्यतः बाहेर पाहतो.

आता आतली मांडणी. बाहेरून आत जाताना चार पट्टे करावेत : सभागृह आणि प्रशिक्षणाच्या खोल्या, मग उद्योगांतल्या सहकाऱ्यांसोबत बसण्याच्या जागा, मग अहोरात्र चालणारे नियंत्रण कक्ष, आणि शेवटी गुप्त सामग्रीचा गाभा. गाभ्याची एकही भिंत बाहेरच्या हवेला किंवा शेजारच्या इमारतीला लागू नये. मोबाइल ठेवण्याचे कप्पे तिसऱ्या पट्ट्याच्या दाराबाहेर असावेत आणि ते पुरेसे असावेत, नाहीतर लोक फोन खिशात घेऊन जाऊ लागतात. नियंत्रण कक्षाला मात्र दिवसाचा उजेड मिळायलाच हवा, निदान आतल्या चौकातून. रात्रपाळी करून करून थकलेला विश्लेषक हीसुद्धा सुरक्षेतली त्रुटीच असते. बंदिस्त तळघरात माणसे कोंबून काम सुरक्षित होते, हा समज सोडून दिला पाहिजे.

गाभ्याभोवतीच्या आवरणाचे शास्त्र जुने आहे. १९४३ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या एका संशोधकाला दिसले, की लष्करी सांकेतिकीकरण यंत्र चालू असताना खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या ऑसिलोस्कोपवर ठसे उमटतात आणि ते वाचून मूळ मजकूर काढता येतो. १९८५ मध्ये डच संशोधक विम व्हॅन एक यांनी स्वस्त साधनांनी संगणकाचा पडदा दुरून वाचता येतो, हे जाहीरपणे दाखवले. म्हणून गाभ्याला सहाही बाजूंनी धातूचे अखंड कवच लागते. ६० डेसिबलची घट म्हणजे संकेताची शक्ती दहा लाखाव्या हिश्श्यावर येणे. पत्र्याने हे सहज साधते. अवघड असतात ती भोके. हवा तर आत जायलाच हवी, त्यासाठी झरोक्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी धातूची जाळी बसवतात. ५ मिलिमीटर रुंदीच्या छिद्रातून साधारण ३५ गिगाहर्ट्‌झच्या खालच्या लहरी पार होत नाहीत. छिद्राची लांबी रुंदीच्या तिप्पट ठेवली, तर या मर्यादेच्या बऱ्याच खालच्या लहरींसाठी घट ९० डेसिबलच्या पुढे जाते. पाण्याच्या धातूच्या पाइपात आवरणाशी अधातूचा तुकडा घालतात, वीज गाळणीतून आत घेतात आणि माहिती काचतंतूतून नेतात. पुढे कोणी एसीचा नवा पाइप घालण्यासाठी भिंतीला एक भोक पाडले, की हे सगळे वाया जाते. म्हणून आवरणाची मोजणी दरवर्षी आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर झाली पाहिजे.

ज्या संस्थेने देशाला संगणक सांभाळायला शिकवायचे, तिची इमारत स्वतःच एक संगणकजाळे असते : लिफ्ट, वातानुकूलन, दारांची कुलुपे, कॅमेरे. २०१३ मध्ये दोन सुरक्षा संशोधकांना सिडनीतल्या गूगलच्या कार्यालयाची इमारत-नियंत्रण प्रणाली इंटरनेटवरून उघडता आली आणि मजल्यांचे नकाशे त्यांच्यासमोर आले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या टार्गेट दुकानसाखळीत हल्लेखोर शिरले ते शीतकरणाचे काम करणाऱ्या कंत्राटदाराची ओळख वापरून, आणि सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली. तेव्हा इमारतीची यंत्रणा कचेरीच्या जाळ्यापासून पूर्ण वेगळी ठेवावी, कंपनीला दुरून दुरुस्ती करू देऊ नये, आणि दारे व पंखे हातानेही चालवता यावेत.

शेवटचा विषय आगीचा आणि विजेचा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज काही तास गेली, तेव्हा कळवा-पडघा भागातल्या उच्चदाब वाहिन्यांवरचा बिघाड सगळ्या शहराला भोवला. दोन फीडर घेतले म्हणजे दोन स्रोत झाले असे नसते, ते वर कुठे एकत्र येतात हे तपासावे लागते. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉनच्या सरकारी माहिती केंद्रात लिथियम बॅटरींना आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी प्रणाली थांबल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली ठेवणारे, ८००हून अधिक टेराबाइटचे भांडार दुसरीकडे प्रत नसल्यामुळे नष्ट झाले. म्हणून बॅटऱ्या सर्व्हरपासून वेगळ्या, अग्निरोधक भिंतींच्या दालनात असाव्यात, आणि नियंत्रण कक्षाची पूर्ण जोडणीची दुसरी जागा वेगळ्या शहरात, वेगळ्या वीजवाहिनीवर उभारावी. त्या जागेचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. कर्मचाऱ्यांनी दर महिन्याला एक पूर्ण दिवस तिथूनच काम करावे, त्या दिवशी मुख्यालयाचे नियंत्रण कक्ष बंद ठेवून.