गेम खेळताना एफपीएस अचानक का पडतो? कारण कसं शोधायचं?

सुरुवातीची वीस मिनिटं गेम लोण्यासारखा चालतो. मग ऐन लढाईत चित्र अडखळायला लागतं, माउस हलवला तरी नेम उशिरा हलतो आणि कोपऱ्यातला ९० चा आकडा एकदम ३५ वर येतो. थोड्या वेळाने सगळं पुन्हा ठीक. अशी तक्रार घेऊन दुकानात गेलात, तर बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: "ग्राफिक्स कार्ड जुनं झालं, बदलून टाका."

पैसे काढण्याआधी एक साधा विचार करा. कार्ड खरोखरच कमी पडत असतं, तर गेम पहिल्या मिनिटापासून संथ चालला असता. आधी नीट चालून मग अडखळत असेल, तर ताकद कॉम्प्युटरमध्ये आहे, पण ती मधेच कुठेतरी अडते आहे. नेमकी कुठे, हे ओळखण्याची सगळ्यात चांगली खूण म्हणजे एफपीएस कधी पडतो ते पाहणं.

एफपीएस म्हणजे काय?

एफपीएस म्हणजे फ्रेम्स पर सेकंद, म्हणजे एका सेकंदात स्क्रीनवर येणारी चित्रं. ६० एफपीएस हवे असतील, तर कॉम्प्युटरला एक चित्र तयार करायला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ एफपीएससाठी जेमतेम ७ मिलिसेकंद. या वेळेत प्रोसेसर कोण कुठे आहे, कोणाला गोळी लागली याचा हिशेब करतो आणि ग्राफिक्स कार्ड त्यावरून चित्र काढतं. दोघांपैकी एकाला उशीर झाला, की पूर्ण चित्राला उशीर होतो.

सरासरी एफपीएस इथे फसवा ठरतो. समजा, एका सेकंदात फक्त एका चित्राला १०० मिलिसेकंद लागले आणि बाकीची सगळी वेळेवर आली. सरासरी तरीही ५५ च्या आसपास दिसेल, पण तुम्हाला धक्का मात्र स्पष्ट जाणवेल. म्हणून मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'एक टक्का लो' हा आकडाही बघावा. सगळ्यात संथ चित्रांच्या वेळी काय होतं, ते त्यातून कळतं.

आधी मोजा, मग बदला

विंडोजमध्ये विंडोज बटण आणि जी एकत्र दाबलं, की गेम बार उघडतो. त्यात एफपीएस, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि रॅम यांचा वापर दिसतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात ग्राफिक्स कार्डाचं तापमान आणि मेमरीही दिसते. आणखी बारकाईने पाहायचं असेल, तर एमएसआय आफ्टरबर्नर किंवा एचडब्ल्यूइन्फो ही मोफत सॉफ्टवेअर वापरा. ती नेहमी अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या.

अर्धा तास खेळा. एफपीएस पडेल त्या क्षणी चार गोष्टी टिपून ठेवा: तापमान, क्लॉक स्पीड, ग्राफिक्स मेमरीचा वापर आणि गेममध्ये तेव्हा काय चाललं होतं. आता पुढच्यापैकी कोणतं वर्णन जुळतं ते पाहा.

१. पंधरा-वीस मिनिटांनी पडतो: उष्णता

हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण. प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड ठरलेल्या मर्यादेपर्यंत तापलं, की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतं. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. अनेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअस असते, ग्राफिक्स कार्डांची त्याहून थोडी कमी. तापमान मर्यादेजवळ चिकटून आहे आणि त्याच वेळी क्लॉक स्पीड खाली येतो आहे, असं दिसलं तर निदान झालंच म्हणून समजा.

आपल्याकडे हा त्रास मार्च ते जूनमध्ये वाढतो. पंखा बाहेरची हवा आत ओढतो. त्यामुळे खोली १० अंशांनी तापली, तर आतले भागही साधारण तितकेच जास्त तापतात. जानेवारीत नीट चालणारा गेम नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात अडखळला, तर त्यात नवल नाही.

उपाय: कॅबिनेट भिंतीपासून दूर ठेवा. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, खालची हवेची जाळी बंद होते. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून मऊ ब्रशने किंवा हवेच्या फवाऱ्याने धूळ काढा. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ती मोकळी गरगर फिरू देऊ नका. तीन-चार वर्षं जुन्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते, ती बदलून घ्या. स्क्रीन ६० हर्ट्‌झची असेल, तर एफपीएसवर ६० ची मर्यादा घाला. स्क्रीन दाखवूच शकत नाही अशी चित्रं काढण्यात कार्ड उगाच तापत असतं.

२. लॅपटॉपवर पडतो: वीज

गेमिंग लॅपटॉपला गेम चालवताना जेवढी वीज लागते, तेवढी त्याची बॅटरी देऊ शकत नाही. म्हणून चार्जर काढला, की वेग कमी होतो. चार्जर कमी वॅटचा असेल किंवा पिन सैल बसत असेल, तर खेळताना मधेच तसंच घडतं. कंपनीचाच, योग्य वॅटचा चार्जर लावा आणि पॉवर सेटिंगमध्ये बेस्ट परफॉर्मन्स निवडा. शिवाय डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्स विभागात त्या गेमसाठी हाय परफॉर्मन्स निवडलं आहे ना, तेही बघा. नाहीतर गेम प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर चालत राहतो.

३. एखादी गोष्ट पहिल्यांदा दिसली की धक्का: शेडर

नवा शत्रू, नवा स्फोट, नवी जागा दिसली की क्षणभर अडखळतं, पण तीच गोष्ट दुसऱ्यांदा आली की काही होत नाही? हे शेडरचं काम आहे. शेडर म्हणजे प्रकाश, सावली, पाणी कसं दिसावं हे सांगणारे छोटे प्रोग्राम. ते तुमच्या कार्डासाठी वेगळे तयार करावे लागतात. डायरेक्टएक्स १२ वापरणाऱ्या अनेक गेममध्ये हे काम खेळताना आयत्या वेळी होतं आणि चित्र थांबतं.

यात तुमच्या कॉम्प्युटरचा दोष नसतो. गेम सुरू होताना शेडर तयार होत असल्याची पट्टी दिसली, तर ती पूर्ण होऊ द्या. २०२३ मध्ये पीसीवर आलेल्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन'मध्ये हे काम इतका वेळ चालायचं, की कंटाळून अनेकांनी ते न संपवताच खेळायला सुरुवात केली. ड्रायव्हर अपडेट केल्यावर शेडर पुन्हा तयार करावे लागतात, त्यामुळे पहिल्या दिवशी थोडे धक्के बसतातच.

४. वळताना किंवा नव्या भागात शिरताना: मेमरी आणि डिस्क

झाडं, भिंती, कपडे यांचे पोत, म्हणजे टेक्श्चर, ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत ठेवले जातात. ४ किंवा ६ जीबीची ही मेमरी भरली, की उरलेला माल मुख्य रॅममधून आणावा लागतो आणि तो रस्ता फार संथ असतो. टास्क मॅनेजरमध्ये डेडिकेटेड जीपीयू मेमरी काठोकाठ भरलेली दिसली, तर सगळी सेटिंग कमी करू नका. फक्त टेक्श्चरची पातळी एक पायरी खाली आणा. तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

मेमरी भरलेली नाही, पण त्या क्षणी डिस्क १०० टक्के दिसते? मग गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल. तो एसएसडीवर हलवा. रॅम ८ जीबीच असेल आणि ती भरत असेल, तर आणखी ८ जीबीची पट्टी घाला. हा खर्च नव्या कार्डाच्या मानाने बराच कमी असतो. शिवाय दोन पट्ट्या असल्या, की रॅमचा वेगही सुधारतो.

५. गर्दीच्या ठिकाणी: प्रोसेसर

मोकळ्या रानात ८० आणि शहराच्या चौकात ४०, असं होत असेल तर प्रोसेसरवर ताण येतो आहे. खात्री करण्यासाठी गेमचं रिझोल्युशन मुद्दाम कमी करा. तरीही चौकात एफपीएस वाढला नाही, तर अडचण ग्राफिक्स कार्डाची नाही. अशा वेळी नवं कार्ड घेतलं, तरी तो चौक तसाच अडखळणार. गर्दीचं प्रमाण आणि किती दूरपर्यंतच्या वस्तू दिसाव्यात, ही सेटिंग कमी करा.

६. तास-दीड तासाने हळूहळू घसरतो: गेममधला दोष

काही गेम वापरलेली मेमरी परत सोडत नाहीत. हे उष्णतेसारखंच वाटतं, पण फरक ओळखता येतो. गेम बंद करून लगेच सुरू करा. एफपीएस तात्काळ पूर्ववत झाला, तर दोष गेमचा. नाही झाला, पण कॉम्प्युटर दहा मिनिटं थंड केल्यावर झाला, तर कारण उष्णता.

७. बरोबर ६० वरून ३०: व्ही-सिंक

आकडा ६० वरून थेट ३० वर उडी मारतो आणि मधे कुठे थांबत नाही, तर व्ही-सिंक पाहा. चित्र ठरलेल्या वेळेत तयार झालं नाही, तर ते स्क्रीनच्या पुढच्या फेरीची वाट पाहतं, म्हणून वेग निम्मा होतो. व्ही-सिंक बंद करून बघा. चित्र मधून कापल्यासारखं दिसायला लागलं, तर ग्राफिक्स एक पायरी कमी करून ते पुन्हा सुरू करा.

८. कधीही, कसाही: बाकीची कारणं

अँटिव्हायरसची तपासणी, विंडोज अपडेट, ब्राउझरच्या उघड्या टॅब, रेकॉर्डिंग यांपैकी काही मागे चालू आहे का ते पाहा. एवढ्यातच अपडेट आला असेल, तर जुना ड्रायव्हर परत टाकून बघा.

कधी दोष अगदी अनपेक्षित जागी असतो. मार्च २०२२ मध्ये एएमडीने मान्य केलं होतं, की काही रायझन कॉम्प्युटरवर एफटीपीएम या सुरक्षा व्यवस्थेमुळे मधूनमधून धक्के बसतात. त्यावरचा उपाय बायोस अपडेटमधून आला. तोपर्यंत कितीतरी लोक कार्ड आणि ड्रायव्हरमध्येच दोष शोधत बसले होते. बायोस अपडेट करताना मात्र वीज गेली, तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. तेव्हा यूपीएस असेल तरच तो करा, आणि बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

हा एफपीएसचा प्रश्न नाहीच, असंही असू शकतं

ऑनलाइन गेममध्ये शत्रू एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारतो, पण एफपीएसचा आकडा स्थिर असतो. हा इंटरनेटचा प्रश्न आहे. पिंग बघा, वायफायऐवजी केबल लावून बघा. कॉम्प्युटरवर केलेला खर्च इथे उपयोगी पडणार नाही.

एका वेळी एकच बदल

वैतागून एकदम दहा सेटिंग बदलली, तर नेमकं कशामुळे सुधारलं हे कळत नाही आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून करावं लागतं. एक बदल करा, गेममधल्या त्याच जागी पुन्हा खेळा, आकडा लिहा. 'एका क्लिकमध्ये एफपीएस दुप्पट' म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरपासून लांबच राहा.

आणि नवं कार्ड कधी घ्यायचं? धूळ काढली, तापमान ठीक आहे, मेमरी भरलेली नाही, तरी कार्डाचा वापर सतत ९७-९९ टक्के आहे, एफपीएस पहिल्या मिनिटापासून कमी आहे आणि रिझोल्युशन घटवलं की तो वाढतो. या सगळ्या गोष्टी जुळल्या, तर दुकानदाराचा सल्ला बरोबर आहे. एक जरी जुळली नाही, तरी पाकीट खिशातच राहू द्या आणि आधी ब्रश हातात घ्या.