मज्जातंतूचा वेग आणि नागपूरचा रस्ता

हात हलवणारे आणि त्याला स्पर्शाची जाणीव देणारे मज्जातंतू मानेतील कण्यातून पाच मुळांनी बाहेर पडतात, गळपट्टीच्या हाडामागे एकमेकांत गुंफले जातात आणि काखेतून पुढे दंड, मनगट व बोटांकडे वाटले जातात. या गुंफणीला वैद्यकात ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे भुजेचे मज्जाजाल, असे म्हणतात. वेगाने जाणाऱ्या दुचाकीवरून पडलेला माणूस जेव्हा खांद्यावर आपटतो, तेव्हा डोके एका बाजूला व खांदा दुसऱ्या बाजूला ओढला जाऊन ही मुळे ताणली जातात, फाटतात किंवा कण्यातून समूळ उपटली जातात. अनेकदा हाड मोडलेले नसते, कातडीवर मोठी जखमही नसते, पण हात लुळा होऊन लोंबू लागतो. तुटलेला मज्जातंतू जोडला तरी तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीनेच पुढे वाढतो, आणि मज्जेचा संबंध तुटलेला स्नायू वर्ष-दीड वर्षानंतर पुन्हा जागा होण्याच्या पलीकडे जातो. म्हणूनच जबलपूर परिसरातील या दुखापतीचा इतिहास लिहिताना कोणते रुग्णालय कोणत्या वर्षी उघडले एवढे सांगून भागत नाही. जखमी माणूस जाणत्या शल्यविशारदापर्यंत किती दिवसांत पोचू शकत होता, हे त्या इतिहासाचे खरे माप आहे.

या जागेचे महत्त्व जुन्या वैद्यांना ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत सांगितलेल्या १०७ मर्मांमध्ये छाती व काख यांच्या दरम्यान कक्षधर नावाचे मर्म येते आणि तेथे आघात झाल्यास पक्षाघात होतो असे तेथे नोंदलेले आहे; कोपराच्या कूर्पर मर्मावरील आघाताने हात वाकडा राहतो, असेही त्यात म्हटले आहे. निरीक्षण अचूक होते, परंतु तुटलेले जोडण्याचा मार्ग तेव्हा कोणत्याच देशात नव्हता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन यादवी युद्धातील जखमी सैनिकांच्या मज्जातंतूंचा अभ्यास सायलस वेअर मिचेल यांनी केला, १८७४ मध्ये विल्हेल्म एर्ब यांनी वरच्या मुळांच्या आणि १८८५ मध्ये ऑगस्टा देजरीन-क्लुम्पके यांनी खालच्या मुळांच्या लुळेपणाचे वर्णन केले, आणि तेव्हापासून हाताचा कोणता भाग निकामी झाला यावरून कोणते मूळ तुटले हे सांगता येऊ लागले.

याच काळात जबलपूर घडत होते. नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात असलेले हे गाव १८१७ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेले, १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात ते समाविष्ट झाले आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर राहिल्याने कचेरी, न्याय आणि शिक्षण यांसाठी जबलपूरकरांची नजर दक्षिणेकडे लागलेली असे. अलाहाबादकडून १८६७ मध्ये आणि मुंबईकडून १८७० मध्ये लोहमार्ग येथे येऊन मिळाले, आणि १९०४ मध्ये तोफगाडे तयार करणारी गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, तसे हे शहर यंत्रांवर काम करणाऱ्या कामगारांचे झाले. मुख्य दांड्यावरून पट्ट्याने फिरणाऱ्या यंत्रांच्या त्या काळात बाही पट्ट्यात सापडून हात खांद्यातून ओढला जाणे हा कोणत्याही मोठ्या कर्मशाळेतील नित्याचा धोका होता.

अशा कामगाराला पहिला संघटित आधार औषधाने नव्हे, कायद्याने दिला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत शरीराचा कोणता भाग गेला म्हणजे कमाईची शक्ती किती टक्क्यांनी घटली असे मानावे, याचे कोष्टक होते. उजवा हात कोपरात किंवा त्याच्या वर गेला तर ७० टक्के आणि डावा गेला तर ६० टक्के. त्या अनुसूचीखालील एक छोटी टीप या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे: एखाद्या अवयवाचा उपयोग पूर्णपणे व कायमचा गेला असेल, तर तो अवयवच गेला असे समजावे. शरीराला जोडलेला, दिसायला धडधाकट, परंतु न हलणारा हात हा तुटलेल्या हाताइतकाच नुकसानीचा आहे, हे कायद्याच्या भाषेत येथे मान्य झाले. समाजाला आणि घरच्यांनाही ते पटायला पुष्कळदा याहून अधिक वेळ लागतो, कारण डोळ्यांना हात दिसत असतो.

सैनिकांची वाट वेगळी होती. पहिल्या महायुद्धातून अपंग होऊन परतलेल्या हिंदी सैनिकांना नवा व्यवसाय शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झाले, ते पुढे पुण्याजवळ खडकीला हलवले गेले, आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्यातच कृत्रिम अवयव केंद्र उभारले गेले. जबलपूर ही मोठी छावणी असल्याने येथील जखमी जवानाला लष्करी यंत्रणेतून पुण्यापर्यंत नेण्याची सोय होती. त्याच शहरातील नागरिकाला ती नव्हती. याच युद्धात इंग्लंडमध्ये हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये मज्जातंतूंच्या इजेचे तीन प्रकार ठरवले: पहिल्यात तंतू शाबूत राहून त्यातील संदेशवहन काही काळ थांबते, दुसऱ्यात आतील तंतू तुटतात पण आवरण टिकते, आणि तिसऱ्यात सारेच तुटते. पहिले दोन बहुतेक आपोआप भरून येतात, तिसरा शस्त्रक्रियेवाचून येत नाही. पुढे जो पेच वारंवार दिसतो त्याचे मूळ या विभागणीत आहे, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत तिन्ही हात सारखेच लुळे दिसतात.

भारतात हाताच्या मज्जातंतूंकडे शल्यविद्येचे लक्ष वळवले ते अपघातांनी नव्हे तर कुष्ठरोगाने, ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही. कुष्ठरोगात कोपरामागून जाणारी अल्नर मज्जा निकामी होते आणि बोटे नखरासारखी आत वळतात. १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी बाहूतील चांगल्या स्नायूची दोरी बोटांकडे वळवून ही बोटे सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयात नोशीर अंटिया यांनी प्लास्टिक सर्जरीची जोड या रुग्णांना दिली. विदर्भात मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले होते आणि नंतर वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन उभे राहिले. बधिर व वाकड्या हातांनी शेती आणि हातमाग चालवता येतो, हे या संस्थांनी प्रत्यक्ष दाखवले. मज्जा गेलेल्या हाताची शुश्रूषा म्हणजे केवळ शस्त्रक्रिया नव्हे, तर भाजण्या-कापण्यापासून जपणूक, सांधे आखडू न देणे आणि उपजीविका हेही तिचे भाग आहेत, ही समज मध्य भारतात अशा ठिकाणी रुजली, आणि तिचे ऋण अपघाताच्या रुग्णांवरही आहे.

नागपूरला १९१४ पासून रॉबर्टसन मेडिकल स्कूल होते, १९४७ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय झाले आणि तेथेच १९५८ मध्ये डॉ. सी. बालकृष्णन यांच्या नेतृत्वाखाली देशातील प्लास्टिक सर्जरीच्या पहिल्या स्वतंत्र विभागांपैकी एक सुरू झाला. त्याच्या दोन वर्षे आधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेने जबलपूर नागपूरपासून तोडले गेले. राजधानी भोपाळला गेली आणि जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आले. १९५५ मध्ये जबलपूरला स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय मिळाले होते, त्याला पुढे नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव दिले गेले, आणि नंतर तेथे डॉ. वाय. आर. यादव यांच्या काळात मज्जाशल्यविद्या, विशेषतः दुर्बिणीतून करायच्या शस्त्रक्रिया, नावारूपाला आली. तरीही सिवनी आणि कुरई घाटावरून नागपूरला जाणारा सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा रस्ता रुग्णांनी सोडला नाही. प्रशासनाची सीमा एका दिवसात बदलते, पण आजारी माणूस जेथे उतरायला नातेवाइकाचे घर आहे तेथे जातो, आणि जबलपूरच्या मराठी कुटुंबांचे सोयरसंबंध नागपूर-वर्ध्याकडे आहेत. दीर्घ उपचारात अशा घराचा आधार औषधाइतकाच उपयोगी पडतो.

शास्त्र मात्र दीर्घकाळ निराश होते. १९६१ मध्ये खुद्द सेडन आणि त्यांचे सहकारी यिओमन यांनी पूर्ण लुळ्या हातासाठी हात कापून, खांद्याचा सांधा पक्का करून, कृत्रिम हात बसवण्याचा पर्याय पुढे ठेवला होता. व्हिएन्नाच्या हॅन्नो मिलेसी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली, ताण न देता, पायातील संवेदनेची मज्जा कलम म्हणून वापरण्याची पद्धत रूढ केल्यावर चित्र पालटले. १९९४ मध्ये फ्रान्सच्या क्रिस्तोफ ओबेर्लँ यांनी अल्नर मज्जेतील एक जुडी दंडाच्या स्नायूला जोडून कोपर वाकवून दाखवले. खालची मुळे शाबूत असतील तरच ही युक्ती चालते. अन्यथा बरगड्यांमधील मज्जा वळवावी लागते. मुंबईत डॉ. मुकुंद थत्ते आणि पुण्यात डॉ. अनिल भाटिया यांनी या विशिष्ट दुखापतीवर काम केल्याने महाराष्ट्रात तिचे जाणकार उपलब्ध झाले.

मात्र त्यांच्यापर्यंत रुग्ण वेळेत पोचावा लागतो, आणि अडचण तेथेच आहे. मोठ्या अपघातात डोक्याची व पोटाची इजा आधी पाहिली जाते, हे योग्यच असते. हात गळ्यात अडकवून ठेवला जातो, आणि सूज उतरली की येईल, असे सांगितले जाते. बरेचदा तो येतोही, म्हणून पहिले तीन महिने वाट पाहणे शास्त्रसंमत आहे, पण ती वाट डोळे उघडे ठेवून पाहायची असते. पापणी त्या बाजूला खाली आली आहे का आणि बाहुली लहान झाली आहे का, हे पाहिले तर खालची मुळे कण्यातून उपटल्याचा संशय पहिल्या काही दिवसांतच घेता येतो. गळपट्टीच्या हाडाच्या वर आणि तेथून खाली मज्जातंतूच्या वाटेवर बोटाने ठोकल्यावर झटका कोठे उठतो, हे आठवड्यामागून आठवडे नोंदले तर मज्जा पुढे सरकते आहे की नाही ते कळते. आणि तीन आठवड्यांनंतर स्नायू व मज्जेची विद्युत-तपासणी खरी माहिती देऊ लागते. यासाठी मोठे रुग्णालय लागत नाही, जाणता डॉक्टर लागतो. हाडवैद्याकडे मालिश करण्यात सहा महिने गेले की उरतो तो हिशेब निष्ठुर असतो, कारण खांद्यापासून कोपरापर्यंतचे तीस सेंटिमीटर कापायला मज्जेला दहा महिने लागतात आणि तळव्यापर्यंत पोचायला दोन वर्षे.

भरपाईच्या बाजूने २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निर्णय निर्णायक ठरला. वैद्यकीय प्रमाणपत्रावरील अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतील घट या वेगळ्या गोष्टी आहेत, डावा हात गमावलेल्या वाहनचालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण जाऊ शकते तर सरकारी कारकुनाची जाणार नाही, असे त्यात स्पष्ट केले गेले. मोटार अपघात न्यायाधिकरणांवरील अपिले ज्या उच्च न्यायालयात चालतात त्याचे मुख्य पीठ जबलपुरातच असल्याने या तत्त्वाचा उपयोग येथे रोजचा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील सवलतींसाठी ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते. कृत्रिम अवयव बनवणाऱ्या सरकारी अलिम्को महामंडळाचे उत्पादन केंद्रही या शहरात आहे, परंतु जेथे हात जागेवर आहे आणि काम करत नाही तेथे कृत्रिम अवयवाचा उपयोग नसतो; अशा रुग्णाला खांदा निखळू न देणारा आधारपट्टा, मनगटाचा स्प्लिंट आणि नियमित फिजिओथेरपी लागते. बरगड्यांमधील मज्जा दंडाला जोडलेल्या रुग्णाचे कोपर प्रथम खोल श्वास घेतल्यावरच वाकते, आणि श्वासाशिवाय ते वाकवायला मेंदूला पुन्हा शिकवावे लागते. शस्त्रक्रिया नागपूर, मुंबई वा पुण्यात झाली तरी हे महिनोन्‌महिने चालणारे शिक्षण जबलपुरातच, घराजवळच्या फिजिओथेरपिस्टकडे होणार असते, आणि त्याची सोय या शहरात वाढवणे नव्या शस्त्रक्रियागृहाइतकेच निकडीचे आहे.