गुंतवणूक सुरू करण्याआधी हे ८ शब्द समजून घ्या : नवीन गुंतवणूकदारांसाठी सोप्या मराठीत माहिती

आजकाल मोबाईलवर दहा मिनिटांत केवायसी होते, यूपीआयने पैसे जातात आणि आपण गुंतवणूकदार होतो. पण ॲपच्या स्क्रीनवर जे शब्द दिसतात, त्यांचा अर्थ किती जण वाचतात? मी तरी वाचला नव्हता, आणि ते मला चांगलंच महागात पडलं.

जून २०२१ मध्ये मला पहिली नोकरी लागली, पगार १५ हजार. ॲपवर 'टॅक्स सेव्हर' नावाचा एक फंड दिसला. नाव भारी वाटलं, म्हणून महिन्याला २ हजारांची एसआयपी लावून टाकली. ऑगस्ट २०२२ मध्ये बाबांच्या रिक्षाच्या इंजिनचं काम निघालं, खर्च २८ हजार. मी म्हटलं, "टेन्शन घेऊ नका, माझे ३० हजार आहेत." पैसे काढायला गेलो, तर ॲपवर लिहिलेलं : काढता येण्याजोगे युनिट्स ०. बाबांनी विचारलं, "पैसे तुझेच आहेत ना? मग काढता का येत नाहीत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी मामाकडून उसने घेतले.

म्हणून सुरुवात त्याच शब्दापासून करूया.

१. लॉक-इन

ठरावीक काळ पैसे काढता येत नाहीत, त्याला लॉक-इन म्हणतात. टॅक्स सेव्हर म्हणजेच ईएलएसएस फंडाला ३ वर्षांचा लॉक-इन असतो. आणि लक्षात घ्या, एसआयपीच्या प्रत्येक हप्त्याची ३ वर्षं वेगळी मोजली जातात. म्हणजे माझा जून २०२१ चा हप्ता जून २०२४ मध्ये मोकळा होणार होता, तर ऑगस्ट २०२२ चा थेट ऑगस्ट २०२५ मध्ये. गंमत म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार पगारावर मला टॅक्स लागतच नव्हता. मग मी वाचवत काय होतो? काहीच नाही!

२. एक्झिट लोड

इथे पैसे काढता येतात, पण ठरलेल्या मुदतीआधी काढले तर थोडी रक्कम कापली जाते. बऱ्याच इक्विटी फंडांत एका वर्षाच्या आत काढल्यास १ टक्का कापतात. म्हणजे १० हजार काढले तर १०० रुपये गेले. प्रत्येक फंडाचा नियम वेगळा असतो, म्हणून फंडाच्या माहितीत हा आकडा आधी बघा.

३. एनएव्ही

म्युच्युअल फंडाच्या एका युनिटची किंमत म्हणजे एनएव्ही. "१० रुपये एनएव्ही म्हणजे फंड स्वस्त" हा गैरसमज मलाही होता. हिशोब बघा. ५ हजार रुपयांत १० च्या एनएव्हीने ५०० युनिट्स मिळतात, १०० च्या एनएव्हीने ५०. दोन्ही फंड १० टक्के वाढले तर दोन्हीकडे ५,५०० रुपयेच होतात. त्यामुळे एनएव्ही बघून फंड निवडू नका.

४. एक्स्पेन्स रेशो, डायरेक्ट आणि रेग्युलर

फंड चालवण्याचा वर्षाचा खर्च म्हणजे एक्स्पेन्स रेशो. तो वेगळा भरावा लागत नाही, रोजच्या एनएव्हीतून वजा होतो, त्यामुळे दिसत नाही. रेग्युलर प्लॅनमध्ये एजंटचं कमिशन धरलेलं असतं, डायरेक्टमध्ये नसतं. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन देणं सक्तीचं आहे.

फरक छोटा वाटतो? समजा १ लाख रुपये २० वर्षं ठेवले. १२ टक्के परतावा मिळाला तर सुमारे ९ लाख ६४ हजार होतात, ११ टक्के मिळाला तर सुमारे ८ लाख ६ हजार. एका टक्क्यात दीड लाखाच्या वर फरक! तरीही तुम्हाला सल्ला देणारा, बाजार पडल्यावर धीर देणारा माणूस हवा असेल, तर कमिशन म्हणजे वाया गेलेले पैसे नव्हेत. फक्त आपण नेमका कोणता प्लॅन घेतोय, ते माहीत हवं.

५. सीएजीआर आणि एक्सआयआरआर

एकदाच पैसे टाकले असतील तर वर्षाला सरासरी किती दराने वाढले, ते सीएजीआर सांगतो. १० हजारांचे ३ वर्षांत १३,३१० झाले, तर सीएजीआर १० टक्के.

एसआयपीत मात्र प्रत्येक हप्त्याला मिळालेला काळ वेगळा असतो, म्हणून एक्सआयआरआर बघायचा. समजा दरमहा २ हजार असे १२ हप्ते भरले आणि वर्षअखेरीस २४ हजारांचे २५,४०० झाले. साधा नफा ५.८ टक्के दिसतो, पण एक्सआयआरआर सुमारे ११ टक्के येतो. कारण शेवटचा हप्ता जेमतेम एक महिनाच गुंतलेला होता.

६. डिमॅट खातं

"ॲप बंद पडलं तर शेअर्स बुडणार का?" हा प्रश्न मला मित्र नेहमी विचारतात. तुमचे शेअर्स ॲपमध्ये नसतात. ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीकडे तुमच्या नावावर असतात. त्यांच्याकडून ईमेलवर येणारं स्टेटमेंट उघडून ॲपमधल्या आकड्यांशी जुळवत चला.

७. मार्केट ऑर्डर आणि लिमिट ऑर्डर

मार्केट ऑर्डर म्हणजे "मिळेल त्या भावाला दे". लिमिट ऑर्डर म्हणजे "या भावाच्या वर घेणार नाही". ज्या शेअरमध्ये खरेदी-विक्री कमी होते, तिथे मार्केट ऑर्डर दिली तर भलताच भाव लागू शकतो. नवीन असाल तर लिमिट ऑर्डरच वापरा.

८. एफ अँड ओ

फ्युचर्स आणि ऑप्शन्स. ॲपवर हे बटण शेअर्सच्या शेजारीच असतं, पण तो खेळ पूर्ण वेगळा आहे. सेबीने २०२४ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार आधीच्या ३ आर्थिक वर्षांत यात उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. टेलिग्रामवर कोणी रोजच्या नफ्याचे स्क्रीनशॉट दाखवत असेल, तर हा आकडा आठवा.

मग सुरुवात कशी करायची?

पैसे टाकण्याआधी तीन प्रश्न विचारा : हे पैसे कधी काढता येतील? काढताना किती कापले जातील? दरवर्षी खर्च किती? उत्तर सापडलं नाही तर त्या दिवशी बटण दाबू नका. आणि तीन-चार महिन्यांचा घरखर्च आधी साध्या बचत खात्यात किंवा मोडता येणाऱ्या एफडीत ठेवा.

मामांचे पैसे फेडायला मला १० महिने लागले. माझी एसआयपी आजही चालू आहे, पण आता ती बिना लॉक-इनच्या फंडात आहे. आणि बाबांनी विचारलं, "पैसे कधी मिळतील?" तर मला उत्तर देता येतं.

यातला कोणता शब्द अजून अवघड वाटतोय? कमेंटमध्ये नक्की सांगा, आणि नुकतीच नोकरी लागलेल्या मित्राला ही माहिती पाठवा.